ब्राउन, बार्ना, व्हिक्टर : एका टेबल टेनिसपटूच्या नावाचा इतिहास

व्हिक्टर बार्ना (१९११-१९७२) यांच्या नावावर टेबल टेनिसची बावीस जागतिक विजेतेपदे जमा आहेत. त्यांपैकी पाच पुरुष एकेरीची असून तो आकडा आजवर कोणाही पुरुष खेळाडूला ओलांडता आलेला नाही. क्रीडेतिहासाच्या लेखकांनी या आकड्यांची नोंद चोख ठेवली आहे. परंतु ते आकडे ज्या नावापुढे मांडले जातात, त्या नावाकडे त्यांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. प्रस्तुत लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र. चेंडूपेक्षा शब्दाचा पाठलाग करण्याची सवय जडलेली असल्याने या चरित्राकडे नावाच्या वाटेनेच जाणे त्याला सोयीचे वाटते.

बार्ना यांचा जन्म २४ ऑगस्ट १९११ रोजी बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. जन्मनाव ब्राउन ज्योझो. हंगेरियन भाषेत आडनाव आधी व व्यक्तिनाव नंतर येते, म्हणून हाच क्रम मूळचा. (‘ज्योझो’ हे लेखन केवळ सोयीचे आहे, त्यातील स्वर आपल्या लिपीत बसत नाहीत.) ‘ज्योझ’ म्हणजे जिंकणे, त्याला लागलेला ‘ओ’ हा प्रत्यय आपल्या ‘-णारा’ या प्रत्ययाचे काम करतो. तेव्हा ज्योझो म्हणजे जिंकणारा, लॅटिनच्या वळणाने व्हिक्टर. आडनावाचे भाषांतरही असेच नेमके आहे. जर्मन ‘ब्राउन’ म्हणजे तपकिरी, आणि हंगेरियन ‘बार्ना’ म्हणजेही तपकिरी. म्हणजे या गृहस्थांच्या नावाचे दोन्ही घटक बदलले, पण अर्थ एकाचाही बदलला नाही.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘बार्ना’ हा शब्द मुळात हंगेरियन नव्हे. जुन्या जर्मनमधील ‘ब्रून’ हा शब्द मध्ययुगात हंगेरियन भाषेने उसना घेतला आणि आरंभीचे जोडाक्षर तोडून, स्वर मध्ये घालून, तो आपल्या उच्चारसरणीत बसवला, असे व्युत्पत्ती सांगते. म्हणजे परके वाटणारे आडनाव टाकून जे अस्सल मग्यार आडनाव घेतले गेले, ते त्याच परक्या शब्दाचे काही शतकांपूर्वी स्थायिक झालेले रूप होते. शब्दाला नागरिकत्व मिळाले होते. माणसाचे काय, हा प्रश्न त्या काळच्या हंगेरीत निराळाच होता.

मुळात ‘ब्राउन’ हे आडनावही या समाजाने आपखुशीने घेतलेले नसावे. सम्राट दुसरा जोसेफ याने १७८७ मध्ये फर्मान काढून हॅब्सबर्ग राज्यातील ज्यूंना जर्मन पद्धतीची कायम आडनावे घेण्यास भाग पाडले. पुढे एकोणिसाव्या शतकात हंगेरियन राष्ट्रवाद प्रबळ झाला, तेव्हा तीच आडनावे परकी ठरू लागली. १८८१ मध्ये नाव बदलण्याचे शुल्क घटवून पन्नास क्रायत्सार इतके अल्प करण्यात आले, आणि ज्यू व जर्मन कुटुंबांतून मग्यार आडनावांची लाटच उसळली. सरकारने एका शतकात दिलेले नाव दुसऱ्या शतकात सरकारच्याच उत्तेजनाने परत करावयाचे, असा हा व्यवहार होता. आपल्या कोकणातील बेने इस्रायलांमध्ये अब्राहामचा आबाजी व सॅम्युएलचा सामाजी झाला, गावांवरून रोहेकर, किहीमकर अशी आडनावे रुळली. पण त्यामागे कोणाचे फर्मान नव्हते. शेजाऱ्यांच्या तोंडी नाव फिरत राहिले की ते आपोआप झिजून बसते, तसे ते झाले. बुडापेस्टची प्रक्रिया कचेरीतली होती.

आणि कचेरीतून मिळालेल्या नावाने फार काही साधले असेही नाही. १९२० च्या कायद्याने हंगेरियन विद्यापीठांतील ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येला मर्यादा घातली. त्या वेळी बार्ना नऊ वर्षांचे होते. ज्यूद्वेषाच्या या वातावरणातच ब्राउनचे बार्ना झाले.

वयाच्या सतराव्या वर्षी, १९२९ मध्ये, बुडापेस्ट येथेच त्यांनी सांघिक व दुहेरी अशी दोन जागतिक विजेतेपदे मिळवली. दुहेरीतील जोडीदार मिक्लोश सोबोदोश हाही ज्यूच. पुढच्या वर्षी बर्लिन येथे एकेरीचे विजेतेपद आले. १९३१ मध्ये सोबोदोशने ते हिरावून घेतले. त्यानंतर १९३२ ते १९३५ या काळातील चारही स्पर्धा बार्ना यांनी जिंकल्या. टेबलाजवळ उभे राहून मनगटाच्या झटक्याने मारलेला बॅकहँड हा त्यांचा विशेष. खेळातील परिभाषेत तो ‘बार्ना फ्लिक’ या नावाने रूढ झाला. सोबोदोश, बेलाक, ग्लान्त्स आणि बार्ना या ज्यू तरुणांच्या बळावर हंगेरीने स्वेदलिंग चषक वारंवार जिंकला. त्या चषकाच्या नावाची कथाही मोठी गमतीची आहे. आंतरराष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्ष आयव्हर माँटेग्यू यांच्या मातोश्री लेडी स्वेदलिंग यांनी तो दिला. १९१९ च्या सुधारणांमुळे आपल्याला परिचित असलेले भारतमंत्री एडविन माँटेग्यू हे या आयव्हरचे चुलते. त्यांच्या घराण्याचे मूळ पुरुष, पहिले लॉर्ड स्वेदलिंग, जन्माने माँटेग्यू सॅम्युएल होते. त्यांनी दोन्ही नावांची अदलाबदल करून सॅम्युएल माँटेग्यू हे नाव घेतले. चषक देणारे आणि जिंकणारे असे दोघेही नाव फिरवून बसलेले!

१९३५ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये मोटार अपघात होऊन बार्ना यांचा उजवा हात मोडला. हाडाला धातूचा आधार द्यावा लागला. एकेरीतील सद्दी तेथे संपली. १९३८ च्या जानेवारीत वेम्बले येथे ते हंगेरीच्या विजयी संघात होते. त्याच वर्षाच्या मे महिन्यात हंगेरीचा पहिला ज्यूविरोधी कायदा संमत झाला. मधल्या मार्च महिन्यात जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि व्हिएन्नाचा रिचर्ड बर्गमान इंग्लंडला आला. १९३९ मध्ये कैरो येथे बार्ना यांनी दुहेरीचे अखेरचे विजेतेपद मिळवले, ते या बर्गमानच्या साथीने. मायदेशी राहणे दुरापास्त झालेल्या दोन ज्यूंची ती जोडी होती. सोबोदोश तत्पूर्वीच ऑस्ट्रेलियाला गेला होता. बेलाक व ग्लान्त्स अमेरिकेत स्थिरावले. ज्या संघाने हंगेरीचे नाव जगात केले, त्यातले हे चौघेही हंगेरीत राहिले नाहीत. विजेतेपदांच्या तक्त्यात मात्र त्यांच्या नावापुढे देशाचा रकाना अजून ‘हंगेरी’ असाच भरलेला आढळतो. तो चुकीचा म्हणता येत नाही. पण देशाने ज्यांना आपले मानण्यास नकार दिला, त्यांचे यश त्याच देशाच्या खात्यावर मांडताना इतिहासकाराने निदान तळटीप तरी द्यावी, असे आम्हांस वाटते.

महायुद्धात बार्ना ब्रिटिश सैन्यात होते. पुढे लंडन हेच घर झाले, ब्रिटिश नागरिकत्वही मिळाले. डनलॉप कंपनीचे प्रतिनिधी म्हणून त्यांनी देशोदेशी प्रात्यक्षिके केली, तरुणांना शिकवले, इंग्रजीतून मार्गदर्शनपर पुस्तके लिहिली. ‘बार्ना’ छापाच्या बॅटी दुकानांत आल्या; विशेषनाम वस्तुनाम झाले. मोडलेल्या हाताने आपण स्वतः जे पूर्वीसारखे करू शकत नाही, ते दुसऱ्याला शब्दांत उलगडून सांगणे, आणि तेही परभाषेत, हे काम सोपे नसते. आम्हां अध्यापकांना त्याची थोडी कल्पना आहे. त्यातच १९५२ च्या मुंबईच्या जागतिक स्पर्धेत जपानचा हिरोजी सातो स्पंजाची बॅट घेऊन उतरला आणि विजेता ठरला. दाणेदार रबरावर चेंडूचा टणत्कार ऐकून फटका ओळखण्याची ज्यांना सवय, ते खेळाडू त्या मुक्या बॅटीपुढे गोंधळले. बार्ना यांची सारी विद्या त्या दाणेदार रबरावर घडलेली होती.

१९६७ मध्ये जुन्या खेळाडूंच्या स्वेदलिंग क्लबच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. कामाच्या प्रवासात असताना फेब्रुवारी १९७२ मध्ये पेरू देशातील लिमा येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

महायुद्धापूर्वी बार्ना व बेलाक भारतात प्रात्यक्षिके करून गेले होते. आपल्या राष्ट्रीय स्पर्धेतील पुरुषांच्या सांघिक विजेत्यांना मिळणारा चषक त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो. त्यातील ‘बार्ना’ जसाच्या तसा आहे. बेलाकचा मात्र भारतीय उच्चारात ‘बेलॅक’ झाला असून, इंग्रजी लेखनात त्याच्या आडनावाला मूळ हंगेरियनमध्ये नसलेले एक जादा अक्षर चिकटले आहे.