बाळंतिणीची विश्रांती : सव्वा महिना कुणाच्या वाट्याला?

१/
पुण्यातील जुन्या वाड्यांत बाळंतिणीची खोली बहुधा सर्वांत अंधारी असे. दारे-खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. दहा दिवस सुवेर, पुढे सव्वा महिन्यापर्यंत शेक, काढा, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू. आज आपण हे सारे ‘आयुर्वेद’ किंवा ‘अंधश्रद्धा’ अशा दोनच खणांत टाकतो. माझ्या मते त्यातील मोलाची गोष्ट तिसरीच होती : तेवढ्या काळापुरते सुनेचे घरकाम सुटे. विटाळाच्या नावाने का होईना, पाठ टेकता येई.

२/
अर्थात ज्या घरी रोजंदारीवर चूल पेटे, तिथे सव्वा महिना परवडत नसे.

३/
शिणलेल्या मनाचे काय? आपल्या भाषेत ‘बाळंतवात’ हा शब्द आहे. म्हणजे अवस्था ओळखीची होती. पण बाळंतीण असंबद्ध बोलू लागली, बाळाकडे पाहीनाशी झाली, की वैद्याइतकाच देवऋषीही आठवे. बाळंतपणात मेलेली स्त्री हडळ किंवा अळवंतीण होते, अशी समजूत. जिवंतपणी जिची दखल घेतली नाही, तिची मेल्यावर भीती! तिकडे फ्रान्समध्ये लुई-व्हिक्टर मार्से याने १८५८ साली गर्भारपणातील व प्रसूतीनंतरच्या मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता.

४/
आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी प्रसूत झाल्या. मूल दहा दिवसांत गेले. त्यांची कथा सांगताना आपण या मृत्यूवरून थेट डॉक्टर होण्याच्या निश्चयावर उडी मारतो. मधल्या महिन्यांत त्या चौदा वर्षांच्या देहाचे आणि मनाचे काय झाले असेल, तिथे थांबत नाही. १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. ही निवड मला योगायोगाची वाटत नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, क्षयाने पुण्यात त्यांचा अंत झाला.

५/
विश्रांती ही घरच्यांची कृपा नसून कामकरी स्त्रीचा हक्क आहे, हा विचार आला तो कारखान्यांच्या निमित्ताने. १९१९ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतीपूर्वी सहा व नंतर सहा आठवडे रजेचा करार संमत केला. भारत सरकारने तो स्वीकारला नाही. मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आले, तेव्हा २८ जुलै १९२८ रोजी डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खरा भार सरकारने उचलावा. पण तिच्या श्रमांवर नफा मिळवणाऱ्या मालकालाही अंग झटकता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद. (या कायदेमंडळाची पावसाळी अधिवेशने पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरत. तिथून जाताना एकदा मान वर करून पाहा.)

६/
१९२९ साली कायदा झाला. प्रसूतीनंतर चार आठवडे स्त्रीला कामाला लावण्यास बंदी आली. पण ती कारखान्यापुरतीच. शेतमजूर आणि मोलकरीण बाहेरच राहिल्या. देशभरासाठीचा कायदा यायला १९६१ उजाडले, आणि त्याचीही धाव मुख्यतः नोंदलेल्या आस्थापनांपर्यंतच.

७/
मनाच्या शिणाची मोजणी तर फारच अलीकडची. गोव्यातील मातांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात २३ टक्के स्त्रियांमध्ये नैराश्य आढळले. त्यामागे गरिबी होती, नवऱ्याची मारहाण होती, मुलगा हवा असताना मुलगी झाल्याचा सल होता. ही पाहणी प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी झाली होती, म्हणजे सव्वा महिना नुकताच सरलेला असताना.