सोगुत लांब, पाथरी जवळ

२०२० सालचा रमजान आमच्या चांगलाच लक्षात आहे. टाळेबंदीमुळे मशिदीत जमाअत नव्हती. तरावीहची नमाज घराघरांत होत होती. ईदच्या बाजाराची गर्दी नव्हती. अशा त्या सुन्या महिन्यात परभणीच्या मोहल्ल्यांतून रात्री एक आवाज मात्र हमखास ऐकू येई, घोड्यांच्या टापांचा. ‘अर्तुग्रुल’ ही तुर्की मालिका पाकिस्तानच्या सरकारी वाहिनीने त्याच रमजानात उर्दूत आणली आणि मोबाइलवरून ती आमच्या घरांत येऊन पोहोचली. इफ्तारनंतर सुरू झालेली मालिका सहेरीपर्यंत चाले. एक भाग संपला की दुसरा. आजीपासून नातवापर्यंत सगळे एका छोट्या पडद्याभोवती बसत. आम्हीही बसलो. खोटे कशाला बोला!

पुढे शाळा भरल्या तेव्हा इतिहासाच्या तासाला एका मुलाने विचारले, “सर, अर्तुग्रुल सच्ची में था क्या?”

होता, आम्ही म्हणालो. पण शिक्षकाने एवढ्यावर थांबून चालत नाही. मूळ तुर्की मालिका २०१४ ते २०१९ अशी पाच पर्वे चालली. दीडशे भाग, आणि एकेक भाग जवळजवळ दोन तासांचा. याउलट खऱ्या अर्तुग्रुलविषयीची माहिती एका पानावर मावेल. उस्मानी सल्तनतीचा संस्थापक उस्मान हा त्याचा मुलगा. उस्मानच्या नाण्यावर बापाचे नाव आहे. तुर्कस्तानातल्या सोगुत गावी त्याची कबर दाखवतात. बाकीच्या हकिकती बहुतेक दीड-दोनशे वर्षांनंतर लिहिल्या गेल्या. मालिकेत संकटसमयी येणारे इब्ने अरबी हे खरेच थोर सूफी, जन्म ११६५, मृत्यू १२४०. पण त्यांची आणि अर्तुग्रुलची भेट झाल्याचा इतिहासात पुरावा नाही.

मुलाचा चेहरा उतरला. थोडे थांबून तो म्हणाला, “फिर अपना कौन, सर?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या मुलाला चौकात, मोबाइलवर, बातम्यांत आपल्याविषयी उणेच ऐकावे लागते, त्याला घोड्यावरचा एक न्यायी माणूस आपला वाटला तर त्यात त्याचा काय दोष? त्याला रागावण्यापेक्षा उत्तर शोधणे बरे, असे आम्ही ठरवले.

रात्रभर गोष्ट ऐकण्याची ही ओढ काही मोबाइलने लावलेली नाही. अमीर हमजाची दास्तान आमच्या पूर्वजांनी अशीच रात्र-रात्र ऐकली. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने ती छापायला घेतली तेव्हा तिचे ४६ खंड झाले. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ हा त्यातलाच सर्वांत लाडका भाग, १८८३ पासून छापला गेलेला. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, शिक्षणाची आणि कचेरीची भाषा उर्दू होती. त्यामुळे अशी पुस्तके वाचणारे इथेही होते. गोष्ट खरी की रचलेली हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे. दास्तान म्हणजे दास्तान, तवारीख म्हणजे तवारीख. हा भेद आमच्या वाडवडिलांना कळत होता. तो पुसट झाला पडद्यामुळे, कारण पडद्यावर सगळेच खरे दिसते.

दूरदर्शनचा जमाना आम्ही पाहिला तो अब्बांच्या आठवणींतून. मोहल्ल्यात एखाद्याच घरी टीव्ही, अंगणात सतरंजी आणि रविवारी सकाळी त्यावर सगळी आळी. ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झाले आणि २४ जून १९९० ला संपले, ९४ भाग. त्याचे संवाद लिहिले गाझीपूरच्या गंगौली गावातल्या राही मासूम रझांनी. ‘पिताश्री’, ‘भ्राताश्री’ ही संबोधने त्यांनी ‘अब्बाजान’, ‘भाईजान’च्या चालीवर घडवली असे म्हणतात. त्याच १९८८ मध्ये गुलजारांची ‘मिर्झा गालिब’ आली. नसीरुद्दीन शाह गालिब आणि उमराव बेगम झालेल्या तन्वी आझमी, म्हणजे मराठीतल्या उषा किरण यांची मुलगी. त्याच वर्षी गोविंद निहलानींच्या ‘तमस’ने फाळणीची जखम दाखवली. ती बंद पाडण्यासाठी लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने ती दाखवू दिली.

नंतर ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’. या मालिकेची किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेली. ८ फेब्रुवारी १९८९ ला म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत लागलेल्या आगीत ६२ जण गेले आणि दिग्दर्शक व नायक संजय खान गंभीर भाजले. मालिका पडद्यावर आली तेव्हा ती काल्पनिक असल्याची सूचना सोबत दाखवावी लागली. अब्बा सांगतात, त्या सूचनेचा मोहल्ल्याला राग आला होता. आज इतिहास शिकवताना आम्हाला वाटते, सूचनेत तथ्य होते. मालिकेचा आधार भगवान गिडवानी यांची कादंबरी होता, तवारीख नव्हे. मात्र मग तशीच सूचना प्रत्येक ऐतिहासिक मालिकेला आणि चित्रपटाला हवी. एकाच्या नायकाला सूचना आणि दुसऱ्याच्या नायकाला आरती, हा न्याय नव्हे.

टाळेबंदीतच आम्ही आणखी एक मालिका पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत पाहिली. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’, १९८८ ची, ५३ भागांची. पटकथा शमा झैदी आणि अतुल तिवारी यांची. अर्तुग्रुलसारखी ती झोप उडवत नाही. रोज दोन-तीन भाग पाहून पुरे म्हणावे लागते. पण ती संपवल्यावर आमच्यात काहीतरी बदलले. नसीरुद्दीन शाह, ज्यांना आम्ही गालिब म्हणून ओळखत होतो, ते तिथे शिवाजी महाराज होतात, आणि ओम पुरी औरंगजेब. तेच ओम पुरी इतर भागांत निवेदकाच्या आवाजात समजुतीच्या गोष्टी सांगतात. पडद्यावर चेहरे बदलत राहतात आणि पाहणाऱ्याच्या लक्षात येते की इतिहासात ‘आमचे’ आणि ‘त्यांचे’ असे दोन कायमचे गट नसतात. हे एखादा भाग पाहून कळत नाही. औरंगजेबाचाच भाग पाहणारा एक मत घेऊन उठेल, अकबराचाच पाहणारा दुसरे. व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या दोन मिनिटांच्या तुकड्यांनी आज हेच केले आहे. ज्याला जो तुकडा सापडला, तो त्याचा इतिहास.

ही मालिका ज्या पुस्तकावर आधारलेली आहे, ते पंडित नेहरूंनी १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या काळात अहमदनगरच्या किल्ल्यात, कैदेत असताना लिहिले. (त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे.) त्याच किल्ल्यात मौलाना आझाद होते आणि ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे त्यांनी तिथेच लिहिली. १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या, तेव्हाही मौलाना त्याच भिंतींआड होते. हिंदुस्थानचा शोध घेणारे एक इंग्रजी पुस्तक आणि उर्दू गद्याचे एक लेणे एकाच किल्ल्यात जन्मले, आणि तो किल्ला आपल्या महाराष्ट्रात आहे.

मग तो किल्ला कोणाचा, असे विचारत मागे जावे, तर वाट थेट आमच्या परभणी जिल्ह्यात येते. परभणीपासून सुमारे ४५ किलोमीटरवरच्या पाथरीत.

निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद. १४९० मध्ये त्याने बहमनी सत्तेपासून वेगळे राज्य केले आणि १४९४ मध्ये अहमदनगर वसवले. त्याचा बाप मलिक हसन. फरिश्ता हा इतिहासकार लहानपणी अहमदनगरात वाढला आणि पुढे विजापूरला गेला. तो लिहितो की हा हसन जन्माने ब्राह्मण. बहमनी फौजेने विजयनगरच्या मुलखात त्याला लहानपणी पकडले आणि मुसलमान केले. त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्पिढ्या पाथरीचे कुलकर्ण होते. अहमद गादीवर बसल्यावर हे ब्राह्मण नातलग दरबारात आले. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशाह याने बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, तो नाकारला गेला. तेव्हा १५१८ मध्ये त्याने पाथरी लढून घेतली आणि पुढे ती आपल्या ब्राह्मण आप्तांकडे सोपवली. गंमत अशी की इमादशाहीचा संस्थापक फतहुल्लाहदेखील विजयनगरकडचा, हिंदू घरात जन्मलेला आणि लढाईत पकडला गेलेला मुलगाच होता.

या गोष्टीत कोण कोणाचा शत्रू? मुसलमान राजा ब्राह्मण नातलगांसाठी मुसलमान राजाशी लढतो आहे. तरीही ही गोष्ट गोड करून सांगण्यात अर्थ नाही. त्यात लहान मुलाची कैद आहे, धर्म बदलणे आहे, तलवार आहे. पुढेही रक्त आहेच. १५८८ मध्ये मुर्तजा निजामशाहाला त्याच्याच मुलाने मारवले. अहमदनगर राखणाऱ्या चांदबीबीला १६०० साली तिच्याच माणसांनी मारले. मग येतो मलिक अंबर. हबशी देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस मोगलांशी आयुष्यभर झुंजला. त्याने खडकी वसवली आणि शेतसाऱ्याची व्यवस्था लावून दिली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, आणि शहाजीराजांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. या दोन भावांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ पीरावरून ठेवली होती असे परंपरा सांगते. अंबर १६२६ मध्ये गेला. खुलताबादला त्याची कबर आहे. १६३३ मध्ये दौलताबाद पडल्यावर निजामशाहीच्या लहान वारसाला मांडीवर घेऊन राज्य चालवू पाहणारे, ते शहाजीराजेच. १६३६ मध्ये ते राज्य बुडाले.

दीडशे वर्षांची ही दास्तान. हिला पाच पर्वे सहज पुरतील. पहिल्या पर्वाचा पहिला भाग पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या वाड्यात सुरू व्हावा आणि शेवटचा १९४४ च्या अहमदनगरच्या किल्ल्यात संपावा, असे आमचे स्वप्न आहे.

त्या मुलाला आम्ही हे सगळे सांगितले. चार तास लागले. मलिक अंबरला त्याने गाझी ठरवून टाकले, तेव्हा आम्ही त्याला शरीफजीची आठवण करून दिली. अंबरच्या झेंड्याखाली मराठे होते, आणि समोरच्या फौजेत मोगल आणि विजापूरचे आदिलशाही असे दोन्हीकडचे मुसलमान होते. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, पाथरी को तो मेरी खाला रहती!”

एवढेच आम्हाला हवे होते. सोगुतला तो कधी जाईल न जाईल, पाथरीला तो दर सुट्टीत जातो. आपले पूर्वज शोधायला मुलांनी तुर्कस्तानापर्यंत घोडा का दामटावा? ते एसटीच्या वाटेवर आहेत. चूक आपली, लिहिणाऱ्यांची आहे. उर्दूत आम्ही दकन विसरलो आणि मराठीत आमच्याकडे दुसऱ्यांनीच पाहिले. ज्यांच्या हाती दोन्ही भाषा आहेत अशा मराठी मुसलमान लेखकांवर हे कर्ज आहे. कोणी नाटक लिहावे, कोणी कादंबरी, कोणी शाळेच्या स्नेहसंमेलनापुरता तीन प्रवेशांचा तुकडा लिहिला तरी चालेल. मात्र लिहिताना सोयीचे तेवढे उचलू नये. दास्तान सांगायची तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगावी, आणि ऐकणाऱ्यानेही मधेच उठू नये.