कव आणि सातबारा : सामायिक मेमरीतील राखीव जागेचा इतिहास

लिनक्ससारख्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, ज्या मुख्य प्रोसेसरवर चालतो तो आणि त्याच चिपवर ध्वनी, मोडेम किंवा यंत्रनियंत्रण सांभाळणारे इतर प्रोसेसर जेव्हा एकच मेमरी वापरतात, तेव्हा त्या मेमरीचा काही भाग परस्परांच्या देवाणघेवाणीसाठी आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो. या इतर प्रोसेसरांना दूरस्थ प्रोसेसर म्हणतात. ते अंतराने दूर नसतात, पण स्वतःचा वेगळा प्रोग्राम चालवतात आणि कर्नलच्या हुकमतीबाहेर राहतात. कर्नलने ती राखीव जागा अनवधानाने दुसऱ्या कामाला दिली, तर दोघेही एकमेकांचे लिखाण पुसत राहतात आणि चूक कोठे झाली हे शोधणे अतिशय कठीण होते. म्हणून या व्यवस्थेचा इतिहास हा जागा राखण्यापेक्षा ती कोठे व कशी नोंदवली गेली याचाच इतिहास आहे.

केळवे, माहीम, सातपाटीच्या किनाऱ्याला अशा प्रश्नाची ओळख जुनी आहे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात उभ्या राहणाऱ्या डोल जाळ्यासाठी समुद्राच्या तळात खुंट रोवून जी जागा धरली जाते तिला कव म्हणतात. तिची हद्द पाण्यावर दिसत नाही, आणि वाहत्या जाळ्यांच्या वाटेत कव आली की जाळी अडकून फाटतात. पालघर-डहाणूकडचे मच्छीमार आणि वसई-उत्तनकडचे कव मारणारे यांच्यातील वाद त्यामुळेच अनेक दशके चालत आला आहे. सामायिक मेमरीतील राखीव जागाही दीर्घकाळ अशाच होत्या, धरणाऱ्याला ठाऊक आणि इतरांना अदृश्य.

मुख्य यंत्राजवळ वेगळे सहायक यंत्र ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रात १९६४ मध्ये दिसते. त्या वर्षी मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कंट्रोल डेटा कंपनीचा ३६०० हा संगणक बसला आणि त्याच्या जोडीला १६०-ए हा छोटा उपसंगणक होता. त्याच वर्षी त्याच कंपनीने सीमूर क्रे यांच्या आखणीचा ६६०० हा संगणक बाजारात आणला, आणि राखीव सामायिक मेमरीचा नीट आखलेला एक आरंभीचा नमुना त्यात दिसतो. त्यात आकडेमोड करणाऱ्या मध्यवर्ती प्रोसेसरभोवती दहा परिघीय प्रोसेसर होते. प्रत्येकाची स्वतःची ४०९६ शब्दांची मेमरी होती, पण एकमेकांशी बोलण्याची जागा मध्यवर्ती मेमरीच्या आरंभीच्या पत्त्यांवर होती. तेथे प्रत्येक परिघीय प्रोसेसरसाठी एक आवक नोंद, एक जावक नोंद आणि निरोपाचा छोटा कप्पा राखलेला असे. काम नसलेला प्रोसेसर आपली आवक नोंद पुन्हा पुन्हा वाचून पाही आणि तीत मागणी दिसली की कामाला लागे. ही रचना देखणी होती, परंतु तिचे पत्ते प्रणालीच्या प्रोग्राममध्येच गोठवलेले होते, आणि यंत्र व प्रणाली एकाच कंपनीची असल्यामुळेच ते निभले.

मोबाइल फोनच्या काळात ते निभेना. चिप एकाची, दूरस्थ प्रोसेसरचा प्रोग्राम दुसऱ्याचा आणि कर्नल जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, अशी स्थिती आली. तेव्हा सर्रास वापरलेली युक्ती अशी, की १२८ मेगाबाइटच्या बोर्डावर कर्नलला आरंभाच्या आज्ञेतच ८० मेगाबाइट मेमरी असल्याचे सांगायचे आणि उरलेली दूरस्थ प्रोसेसरला द्यायची. कर्नलला ती जागा कोणाची आणि कशासाठी हे कळतच नसे. कर्नलला सांगितलेला आणि दूरस्थ प्रोसेसरच्या प्रोग्राममधला, यांपैकी एक आकडा बदलला आणि दुसरा तसाच राहिला, की कोणताही इशारा न मिळता मेमरी बिघडे.

नोंदीची खरी सोय डिव्हाइस ट्रीमुळे झाली. डिव्हाइस ट्री म्हणजे यंत्रातील भागांचे वर्णन करणारी, कर्नलपासून वेगळी ठेवलेली आणि आरंभी त्याच्या हाती दिली जाणारी नोंदवही. तिचे मूळ १९९४ च्या ओपन फर्मवेअर मानकात आहे. तिच्या सपाट आवृत्तीत राखीव जागांची एक यादी होती खरी, पण तीत फक्त पत्ता आणि लांबी असे. २०१४ मध्ये लिनक्सच्या ३.१५ आवृत्तीबरोबर राखीव मेमरीसाठी स्वतंत्र शाखा आली आणि नोंदीला सातबाऱ्याचे रूप लाभले. गट क्रमांक आणि क्षेत्रफळ यांच्या जागी पत्ता आणि आकार, भोगवटादाराच्या जागी त्या जागेकडे नावानिशी बोट दाखवणारे उपकरण, आणि इतर हक्कांच्या रकान्यात अटी, असे हे साम्य बरेच पुढपर्यंत टिकते. ‘नो-मॅप’ या अटीने कर्नल ती जागा आपल्या नेहमीच्या नकाशात घेतच नाही, आणि ‘रीयूजेबल’ या अटीने मालकाला गरज पडेपर्यंत ती इतर कामाला देता येते. यातली पहिली अट केवळ शिस्तीची नाही. आधुनिक प्रोसेसर लागण्याची शक्यता असलेली माहिती आधीच वाचून ठेवतो, आणि एआरएम वर्गाच्या प्रोसेसरवर एकाच पत्त्याला दोन भिन्न गुणधर्मांचे नकाशे असले तर परिणामाची हमी राहत नाही. त्यामुळे न वापरलेली जागासुद्धा नकाशात असणे धोक्याचे ठरते.

दोन वर्षे आधी, २०१२ मध्ये, ३.४ आवृत्तीत दूरस्थ प्रोसेसर सुरू करणारी आणि थांबवणारी सामायिक चौकट आली होती. तीत दूरस्थ प्रोसेसरचा प्रोग्राम आपल्याला लागणाऱ्या जागांचा तक्ता स्वतःबरोबरच आणतो. अशा रीतीने एकाच जागेच्या दोन नोंदी झाल्या, एक मागणाऱ्याची आणि एक देणाऱ्याची, आणि त्या जुळवून पाहण्याचे काम पुढे कर्नलकडे आले. तक्त्यातील मागणी त्याच नावाने नोंदवलेल्या राखीव जागेच्या हद्दीत बसली नाही, तर आता कर्नल तो प्रोसेसर सुरूच करत नाही.