सेसिलियाला पत्रं, लेकीला व्हिडिओ: माझ्याच एका जुन्या बातमीची दुरुस्ती

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

२०२० च्या पावसाळ्यात मी एक बातमी केली होती. लॉकडाऊनचे दिवस. पत्रादेवीचा नाका बंद, गोव्याकडे जाणारी एसटी बंद. आमच्या सावंतवाडीतली मोजकी मुलं म्हापसा-पणजीला पियानो शिकायला जायची, तीही घरात अडकली. त्यातली दोघंतिघं यूट्यूबवर बघून शिकायला लागली होती. मी लिहून मोकळा झालो की आता शिक्षकाची गरज संपली, इतिहासात पहिल्यांदाच लहान गावातल्या मुलाला घरबसल्या पियानो शिकता येतो आहे. मथळा मीच दिला होता आणि तो जरा जोरातच होता. लोकांनी फॉरवर्ड केली, मी खूश.

त्या बातमीत दोन चुका होत्या. 'पहिल्यांदाच' ही एक. दुसरी माझ्याच घरात निघाली, ती पुढे सांगतो.

पियानो दुरून शिकवण्याचा उद्योग किमान १८० वर्षं जुना आहे. व्हिएन्नात कार्ल चेर्नी नावाचा माणूस होता. बेथोव्हेनचा शिष्य आणि फ्रान्झ लिस्टचा गुरू, म्हणजे दोन्ही बाजूंनी मोठं घराणं. पियानो शिकणाऱ्या मुलांना आजही त्याचे सराव-पाठ घासावे लागतात, त्यामुळे त्याचं नाव घेतलं की ती तोंड वाकडं करतात. १८३९ मध्ये त्याने पियानोशिक्षणाचा आपला मोठा ग्रंथ काढला. त्याला जोड म्हणून पत्रांचं एक छोटं पुस्तक लिहिलं. ही पत्रं कुणाला? तर सेसिलिया नावाच्या एका काल्पनिक मुलीला. वय साधारण १२ वर्षं, हुशार, आणि शहरापासून लांब खेड्यात राहणारी.

हे वाचलं तेव्हा मी खरोखर थबकलो. म्हणजे 'गावाकडची मुलगी आणि लांबचा शिक्षक' हा प्रश्न व्हिएन्नातल्या माणसालाही पडला होता. त्याच्याकडे उपाय एकच, टपाल. पहिल्याच पत्रात तो सुरांच्या आधी बसायचं कसं, कोपर कुठे हवं, हात कसा ठेवायचा यावर येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पियानोचं पीक आलं. १९०९ या एका वर्षात तिथे साडेतीन लाखांहून जास्त पियानो बनले. दिवाणखान्यात पियानो आला, पण वाजवणार कोण? प्रत्येक खेड्यात शिक्षक कुठून आणायचा? मग पत्राने शिकवणाऱ्या संस्था निघाल्या. न्यूयॉर्कच्या यू. एस. स्कूल ऑफ म्युझिकसाठी १९२६ च्या सुमारास जॉन केपल्स या पंचविशीतल्या पोराने एक जाहिरात लिहिली. गोष्ट अशी की एक जण मेजवानीत पियानोपुढे बसतो, सगळे त्याची टर उडवतात, आणि तो वाजवायला लागल्यावर गप्प होतात. कारण त्याने घरी बसून, टपालाने, गुपचूप शिकून घेतलेलं असतं. जाहिरातीच्या धंद्यात तो मथळा आजही उदाहरण म्हणून शिकवला जातो. आजच्या 'तीस दिवसांत पियानो' वाल्या व्हिडिओंचा आजोबाच म्हणा. १९३० च्या दशकात तर एनबीसी रेडिओवरून सिग्मंड स्पेथ यांनी पियानोचे धडे दिले. आवाज घरात पोचला, हात मात्र दिसत नव्हता.

आता म्हणाल, हे सगळं साहेबांकडचं, आपल्याकडे काय?

आपल्याकडे हाच प्रश्न वेगळ्या वेषात आला. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर १९०१ मध्ये लाहोरला गेले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. गुरूच्या घरी पाणी भरत वर्षानुवर्षं राहण्याऐवजी फी भरून, वर्गात बसून, स्वरलिपी वाचून गाणं शिकायचं. दुसरीकडे भातखंडे गावोगाव हिंडून उस्तादांकडच्या बंदिशी गोळा करत होते. त्यांची 'क्रमिक पुस्तक मालिका' सहा भागांत आली. कुलपातल्या चिजा छापील पानावर आल्या. जुन्या गवयांनी नाकं मुरडली, पुस्तकातून कुठे गाणं येतं का म्हणाले. त्यांचं सगळंच चूक नव्हतं. पण ज्यांना घराण्याच्या उंबऱ्यावरही कुणी उभं केलं नसतं, अशा किती घरांत ती पुस्तकं पोचली याचा हिशेब त्या गवयांनी कधी मांडला नाही.

आणि वाद्य? पियानो आपल्या घरात कधी मावला नाही, पण त्याच्या पट्ट्या मात्र आल्या, पेटीच्या रूपाने. हार्मोनियम १८४० च्या सुमाराला पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबॅं यांनी घडवलं, पायाने भाता मारायचं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये हाताच्या भात्याची पेटी केली आणि ती मांडी घालून बसणाऱ्या माणसापुढे आली. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं. बारा ठरलेल्या सुरांच्या मध्ये तिला जाता येत नाही, मींड काढता येत नाही, ही तक्रार. बंदी १९७१ पर्यंत टिकली, तीही पूर्ण नाही उठली. आमच्या कोकणात मात्र कुणाला त्याचा पत्ता नव्हता. भजनाची डबलबारी पेटीवाचून उभी राहिली नाही आणि राहणारही नाही. आमच्या बुवा लोकांना 'काळी दोन', 'पांढरी चार' तोंडपाठ असतं. पियानोवर तेच बारा सूर, सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, फक्त सप्तकं जास्त.

फरक आहे तो बोटांच्या कामात. पेटीत हवा सूर देते, बोट पट्टी उघडतं. पियानोत हातोडी तारेवर आपटते, आणि पट्टी किती वेगाने दाबली यावर आवाज लहान-मोठा होतो. इटलीत क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमाराला हे यंत्र केलं ते त्याचसाठी. म्हणजे पियानोत सूर 'बरोबर लागला' इथे काम संपत नाही, तिथे ते सुरू होतं.

गोव्यात ही विद्या वेगळ्या वाटेने रुजली होती. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून 'मेस्त' मुलांना सुरांची लिपी वाचायला शिकवत. त्यातूनच पुढे मुंबईच्या सिनेमा-ऑर्केस्ट्राला वादक मिळाले, गोव्याच्या गावागावांतून आलेले. नाक्यापलीकडे हे सगळं, आणि अलीकडे आम्ही. मध्ये एसटीचा प्रवास.

तो प्रवास यूट्यूबने पुसला. २००५ मध्ये यूट्यूब सुरू झालं. २००६ मध्ये सिंथेशिया हा प्रोग्राम आला, ज्यात रंगीत पट्ट्या वरून पडतात आणि खालच्या पट्टीला लागल्या की ती दाबायची. आधी त्याचं नाव 'पियानो हीरो' होतं, 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेमवाल्या कंपनीने हरकत घेतल्यावर बदललं. पुढे अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या जोसेफ हॉफमन यांच्यासारख्या शिक्षकांनी मुलांसाठी पहिल्यापासूनचे धडे क्रमाने आणि फुकट टाकले. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. इतका की पडवीत बसून पोर्टलँडचा मास्तर बघता येऊ लागला. माझ्या बातमीतली मुलं ही अशी घडत होती, आणि त्यांचं कौतुक मी आजही मागे घेत नाही.

आता दुसरी चूक.

माझी मुलगी तेव्हा सातवीत. वय १२, सेसिलियाएवढंच. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घेऊन दिला. प्लास्टिकच्या स्टुलावर कीबोर्ड, आणि ही पलंगावर. वर्षभरात चार-पाच गाणी दोन्ही हातांनी वाजवायला लागली. पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला. मग कधीतरी ती उजवं मनगट चोळायला लागली. आम्हाला वाटलं, मोबाईल फार धरते.

शेजारच्या वाडीतले एक भजनी बुवा आहेत, सत्तरी ओलांडलेले. पियानो त्यांनी सिनेमातच पाहिलेला. ते पत्रिका द्यायला आले होते. ती वाजवत होती ते उभ्याने ऐकलं, आणि म्हणाले, "गो, बोटां बरी चलतत. पण मनगट खाली पडला बघ तुझा. आवाज येता, वजन येणा नाय." मग तिच्या हाताखाली आपला तळवा धरला आणि हात दोन बोटं वर उचलला. स्टूल काढायला लावलं, टेबल आणायला लावलं. अर्ध्या मिनिटाचं काम.

मी त्या रात्री ती बघायची ते सगळे व्हिडिओ काढून बसलो. बहुतेकांत कॅमेरा वरून लावलेला. बोटं स्वच्छ दिसतात, कुठली पट्टी दाबली ते दिसतं. मनगट पट्टीच्या वर आहे की खाली, हे वरून दिसतच नाही! चेर्नीने पहिल्या पत्रात जे आधी सांगितलं, तेच वरचा कॅमेरा दाखवू शकत नाही. आणि दाखवलं तरी तिचं मनगट बघणार कोण? ॲप मायक्रोफोनमधून सूर तपासतं, हिरवा टिकमार्क देतं. तिला वर्षभर हिरवेच टिकमार्क मिळत होते.

लॉकडाऊनमध्ये ज्यांचे शिक्षक व्हिडिओ कॉलवर आले त्यांचंही सोपं नव्हतं. आवाज पोचायला क्षणभर उशीर लागतो, त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवणं जमत नाही. शिवाय ही ॲप्स बोलण्यासाठी बनलेली. पियानोचा लांबणारा सूर त्यांना गोंगाट वाटतो आणि ती तो दाबून टाकतात. तरी समोर ऐकणारं कुणीतरी होतं. लंडनच्या एबीआरएसएमने २०२० मध्ये परीक्षेची नवी रीत काढली. चार रचना न थांबता एकाच व्हिडिओत वाजवून पाठवायच्या, तिकडे परीक्षक ऐकणार. आमच्याकडच्या मुलांना याचा उपयोग होऊ शकतो. पण निकाल येईपर्यंत मनगटाची सवय मुरलेली असते.

म्हणून दुरुस्ती अशी. शिकवणारा लांबून चालतो, हे १८३९ पासून सिद्ध आहे. पत्राने चाललं, पुस्तकाने, रेडिओने चाललं, मोबाईलने तर फारच उत्तम चालतं. ऐकणारा आणि बघणारा मात्र जवळ लागतो. तो पियानोवालाच हवा असंही नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आपल्या गावांत असे ऐकणारे कान भरपूर आहेत, फक्त आपण त्यांना 'भजनवाले' म्हणून बाजूला ठेवलंय. एका शाळेत (नाव घेत नाही) एक चांगली पेटी आणि देणगीतला एक कीबोर्ड कपाटात कुलूप लावून ठेवलाय, कारण संगीताचे सर निवृत्त झाल्यापासून किल्ली कुणाकडे हेच ठरत नाही. किल्लीच्या मागे मी आहेच.

तोवर बुवांशी बोलणं झालंय. येत्या रविवारपासून संध्याकाळी चारला त्यांच्या ओटीवर बसायचं. शिकवणार नाहीत, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. मुलांनी मोबाईलवर काय शिकलं ते वाजवायचं, ते ऐकतील आणि हात बघतील. फी नाही. ज्यांना मुलं पाठवायची आहेत त्यांनी मला मेसेज करा, पत्ता देतो. कीबोर्ड आपापला आणा, आणि एक्स्टेंशन बोर्डही. बुवांच्या ओटीवर प्लग एकच आहे, आणि त्याला फ्रीज लावलेला आहे.