दोर कुजलाय, हे कुणी सांगायचं?

माझे अब्बा गवंडी होते. ऐंशीच्या दशकात बिबवेवाडीत शेतं मागं सरत होती आणि टेकडीच्या उतारावर सोसायट्या उभ्या राहत होत्या. त्यांतल्या काही भिंती अब्बांच्या हातच्या. परांचीवर चढण्याआधी ते बांबू हलवून बघत, फळीवर आधी एकच पाय टेकवत. एका पावसाळ्यात परांचीचा दोर कुजलेला त्यांना दिसला. त्यांनी मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, "मिस्तरी, भीती वाटत असेल तर उद्यापासून येऊ नका." अब्बा आठ दिवस घरी बसले. पुढच्या कामांवरही ते दोर तपासत राहिले. पण पुन्हा कुणाला काही बोलले नाहीत. घरात खाणारी तोंडं सहा होती.

हे गप्प बसणं एकट्या अब्बांचं नव्हतं, हे मला पुढं इतिहास वाचताना कळलं. आपल्या देशात कारखान्यांचा पहिला कायदा 1881 साली झाला. धोकादायक यंत्राला कुंपण घाला, अपघाताची खबर द्या, असं तो सांगत होता. तपासणीला निरीक्षकही आले. पण तेवढ्यानं मजुराचं भागलं नाही. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढं ठेवला. त्यात रविवारच्या सुट्टीची मागणी होती, तशीच कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा, ही मागणीही होती. 1890 साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळाली.

गिरणी कामगारांना हे जमलं, कारण हजारो माणसं एका छपराखाली रोज भेटत होती. बांधकाम मजुराचं तसं नसतं. इमारत पूर्ण झाली की त्याचं कामही संपतं आणि पालही उठतं. नव्या जागी नवा ठेकेदार, नवा मुकादम. बांधकामाची जागा कारखान्याच्या व्याख्येत सहसा बसत नसे, त्यामुळे कारखान्याचा निरीक्षकही तिकडं फिरकत नसे. खास बांधकाम मजुरांसाठी केंद्राचा कायदा यायला 1996 साल उजाडलं, आणि महाराष्ट्राचे नियम झाले 2007 साली. पहिल्या कारखाना कायद्यानंतर सव्वाशे वर्षांनी! पाचशे किंवा त्याहून अधिक मजूर असतील तिथं मालक आणि मजूर दोघांचे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती हवी, असं 1996 च्या कायद्यात होतं. मात्र वीस-पंचवीस मजुरांच्या लहान कामांना ही अट लागूच नव्हती.

आता आमच्या शेजारच्या कोंढव्याकडं येतो. 29 जून 2019. मध्यरात्र उलटून गेली होती, पाऊस कोसळत होता. एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. पंधरा जण गेले, त्यांत चार लहान मुलं. बहुतेक बिहारहून पोटासाठी आलेले. भिंत धोक्याची आहे, अशी तक्रार आपण आधीच केली होती, असं सोसायटीतल्या रहिवाशांनी नंतर सांगितलं. तीनच दिवसांनी आंबेगावात तशीच भिंत पडली आणि सहा जण गेले. त्याआधी 2016 मध्ये बालेवाडीत स्लॅब कोसळून नऊ मजूर गेले होते. नंतर 2022 मध्ये येरवड्यात सळयांची जाळी पडून पाच गेले.

दर वेळी चौकशी होते, गुन्हा नोंदला जातो, तपासणीचे आदेश निघतात. तपासणी हवीच. पण निरीक्षक महिन्यातून एकदा येईल. दोर कुजतो, माती सुटते, भिंतीला तडा जातो तो मधल्या एखाद्या दिवशी. तो आधी दिसतो तिथं काम करणाऱ्या, तिथंच झोपणाऱ्या माणसाला. त्याला बोलता आलं नाही, तर साहेबाच्या वहीत सगळं ठीकच दिसणार.

21 नोव्हेंबर 2025 पासून नवी सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1996 चा कायदा तिच्यात सामावला. जिवाला धोका आहे असं सकारण वाटलं, तर मजुरानं ते मालकाला सांगावं आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवावं, हा हक्क संहितेत लिहिलेला आहे. अब्बांच्या वेळी तो असता तर ते बोलले असते का? मला खात्री नाही. हक्क कागदावर असतो, हजेरी मुकादमाच्या हातात असते. सांगणाऱ्याची हजेरी कापली जाणार नाही, हे जोवर मजुराला दिसत नाही, तोवर तो गप्पच राहणार.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या बांधकामावर एक पोरगा पट्ट्याशिवाय चौथ्या मजल्याच्या कडेला उभा दिसला. मी खाली उतरून सुपरवायझरला सांगितलं. "काका, तुम्हाला काय करायचंय?" तो म्हणाला. मी म्हणालो, "तो बोलला तर त्याचं काम जाईल. माझं काय जाणार आहे?" सुपरवायझर थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं पोराला हाक मारली. तुमच्याही खिडकीतून एखादी परांची दिसत असेल. खाली उतरायला पाच मिनिटं लागतात.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)