रंगांचा उतार आणि ब्राउझरांच्या बोली

संध्याकाळी पश्चिमेकडे पाहावे, तर क्षितिजावरचा केशरी रंग वर जाता जाता निळ्यात विरून गेलेला दिसतो. वेबपानाच्या पार्श्वभूमीला असा रंगांचा उतार द्यायचा, एवढीच आजची गोष्ट. पण तो सगळ्या ब्राउझरांत सारखा दिसावा म्हणून बरीच वर्षे खटपट करावी लागली.

पानाचे रूप ठरविणाऱ्या सूचनांना स्टाइलशीट म्हणतात. आरंभी तीत उताराला शब्दच नव्हता. मग लोक काय करीत? उताराच्या चित्राची एक पिक्सेल रुंद पट्टी घेत आणि तीच शेजारी शेजारी मांडून पान भरीत. रंग बदलायचा, तर चित्र पुन्हा काढा! इंटरनेट एक्सप्लोररमध्ये फिल्टर नावाची सोय होती. पण ती त्याच्यापुरतीच.

२००८ साली सफारीच्या मुळाशी असलेल्या वेबकिटने उताराची सूचना काढली. जानेवारी २०१० मध्ये फायरफॉक्स ३.६ ने दुसरीच, सुटसुटीत रीत आणली. २०११ मध्ये वेबकिटने तशीच रीत उचलली, ऑपेराही आला. पण सूचना प्रयोगातली आहे हे कळावे म्हणून प्रत्येकाने आपापला उपसर्ग लावलेला. झाले! एकाच उतारासाठी तीच गोष्ट पाच-सहा ओळींत लिहायची. एखादी ओळ राहिली, की त्या ब्राउझरात पांढरी अक्षरे पांढऱ्याच पानावर. वाचणाऱ्याने वाचायचे काय? यावर जाणत्यांनी तोड काढली. न समजलेली ओळ ब्राउझर सोडून देतो. म्हणून आधी साधा गडद रंग लिहायचा, मग उतार.

एप्रिल २०१२ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सर्वांसाठी एक मसुदा पुढे ठेवला. त्यात कोन मोजण्याची रीतच बदलली. पूर्वी ९० अंशांचा उतार वर चढे, आता तो उजवीकडे जातो. म्हणजे नुसता उपसर्ग खोडून भागेना! त्याच वर्षी इंटरनेट एक्सप्लोरर १० व फायरफॉक्स १६, आणि २०१३ मध्ये क्रोम २६, उपसर्गावाचून उतार काढू लागले. आता एक ओळ पुरते.

तरी जुनी पाने उरलीच. ती नीट दिसावीत म्हणून २०१६ मध्ये फायरफॉक्सने वेबकिटचा उपसर्गही समजून घेतला. बारा कोसांवर बोली बदलते, त्यात वावगे काही नाही. मात्र चार बोलींत लिहिण्याचा भार गरीब लिहिणाऱ्यावर पडू नये, यासाठी प्रमाण रीत हवी. आणि ती आल्यावरही जुने लिहिलेले वाचता आले पाहिजे.