अरण्यरक्षणाचा अलिखित इतिहास



या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान शाळेने आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला दिला, याबद्दल प्रारंभीच ऋण व्यक्त करतो. अरण्याविषयी बोलायला चिकोडीसारखे ऊस-तंबाखूच्या शिवाराचे गाव का निवडावे, असे कोणास वाटेल. उत्तर आपल्या नद्यांत आहे. सदलग्यावरून वाहणारी दूधगंगा राधानगरीच्या डोंगरात उगम पावते. वेदगंगा भुदरगडाच्या रानातून येते आणि चिकोडी-निपाणी परिसरातच दूधगंगेला मिळते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, राज्यांच्या सीमा बदलल्या; पाण्याची वाट मात्र बदलली नाही. आपल्या विहिरींचे आणि उसाचे भवितव्य त्या डोंगरावरील झाडीशी बांधलेले आहे.

त्या झाडीचा लिखित इतिहास थोडक्यात असा. सर्वांत जुने रक्षण देवराईचे. राईतील वाळले लाकूडही देवाच्या कौलावाचून उचलायचे नाही, हा गावोगावचा दंडक होता. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७६ मध्ये पश्चिम घाटातील देवरायांवर लेख प्रसिद्ध केला, तेव्हा ज्याला आपण भाबडी श्रद्धा समजत होतो तिच्यामागील निसर्गरक्षणाचे मोल अभ्यासकांना उमगले. इंग्रजी अमलात डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. पुढे १८७८ चा वनकायदा आला; रान सरकारी झाले आणि गावाचे रानाशी असलेले नाते परवान्यापुरते उरले. इकडे कोल्हापूरच्या छत्रपतींचे दाजीपूरचे राखीव शिकारीचे रान १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर झाले, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या पश्चिम घाटातील ३९ स्थळांत त्याचा समावेश झाला. आपल्याच जिल्ह्यात खानापूर तालुक्यातील भीमगडला २०१० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला.

या इतिहासात राजे आहेत, साहेब आहेत, अधिसूचना आहेत. परंतु अधिसूचना निघाल्याने रान राहत नाही. ते राखावे लागते, आणि दर वर्षी नव्याने राखावे लागते. तरुणपणी काही हंगाम मी सह्याद्रीतील एका रानात रोजंदारीच्या टोळीबरोबर काढले. त्या कामाची माहिती पुस्तकांत क्वचितच सापडते, म्हणून ती येथे विस्ताराने मांडतो.

पावसाळा सरला की सड्यांवरचे पुरुषभर गवत वाळू लागते. तेव्हा जाळरेषा काढण्यास प्रारंभ होतो. ठरलेल्या पट्ट्यातील गवत विळ्या-कोयत्याने कापायचे, वाळू द्यायचे आणि वारा पडलेला पाहून देखरेखीखाली जाळायचे. उन्हाळ्यात वणवा आला, तर या उघड्या पट्ट्यापाशी त्याला खाद्य उरत नाही. फेब्रुवारीपासून वळवाच्या सरी पडेपर्यंत पाळीने डोंगरावर पहारा करायचा. वणवा बहुधा माणसाच्याच हातून लागतो : कोणी नवे गवत चांगले यावे म्हणून काडी ओढतो, कोणी विडीचे थोटूक टाकतो. लहान आग हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझते. मोठी असेल तर मागे सरून ओढ्याच्या किंवा वाटेच्या आधाराने उलटी आग लावतात. दोन्ही आगी समोरासमोर आल्या की जळायला काही उरत नाही. यात वाऱ्याची पारख चुकली तर जिवाशी गाठ असते. आमच्या टोळीत ती पारख एका निरक्षर वृद्धाला होती, आणि हाताखाली माणसे असलेले शिक्षित लोकही त्याच्या शब्दावाचून काडी ओढीत नसत.

दुसरे काम घाणेरीचे. मूळ अमेरिकेतील हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बागेची शोभा म्हणून हिंदुस्थानात आले आणि रानोमाळ पसरले. ते वरून छाटले तर अधिकच फुटते. म्हणून कुदळीने जमिनीखाली मुळाचा गड्डा तोडायचा, झुडूप उलटे करून वाळू द्यायचे, आणि पाखरांनी टाकलेल्या बियांतून उगवणारी रोपे पुढील दोन-तीन वर्षे उपटत राहायचे. याखेरीज पाणवठ्यातील गाळ काढणे आणि ओहोळांवर दगडी बांध घालणे ही कामे असतच. पालापाचोळा टिकला तर पाऊस जमिनीत मुरतो आणि उन्हाळ्यात झऱ्यांतून हळूहळू सुटतो. तो जळाला तर माती उघडी पडते व पहिल्याच पावसात नदीत जाते. दूधगंगेच्या पात्रातील गाळ हा डोंगरावरील वणव्यांचाही हिशेब आहे.

अमेरिकेत १९३३ ते १९४२ या मंदीच्या काळात सरकारने सुमारे ३० लाख बेकार तरुणांना अशाच कामाला लावले. महिना ३० डॉलर वेतन, त्यांतील साधारण २५ घरी पोचते होत. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या परिसरात त्यांच्यातील एका तुकडीने १९३५ पासून ओसाड शेतजमिनीवर मूळचे गवताळ रान पुन्हा उभे केले. जगातील अशा प्रयत्नांत ते सर्वांत जुने मानले जाते. तेथील अभ्यासकांना पुढे असे आढळले की त्या गवताला ठराविक काळाने आग हवी असते. आपल्या घाटातील सदाहरित झाडीला तीच आग मारक ठरते. रानाचा नियम जागेगणिक बदलतो. तो त्या जागी राबणाऱ्यालाच कळतो.

त्या तरुणांच्या नावाने तेथे स्मारके आहेत. आमच्या टोळीतील माणसांची नावे केवळ हजेरीपटावर होती. हंगाम संपला की काम संपे, मजुरी कित्येकदा पावसाळा लागल्यावर हाती पडे, आणि भाजलेल्या हाताच्या औषधाचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा असे. अनेकांची मुले पुढे शहरात गेली. त्यांना दोष देता येणार नाही; परंतु वाऱ्याची ती पारख त्यांच्याबरोबर गेली नाही, ती वृद्धांबरोबर संपत आहे. ग्रंथालय जळाले तर आपण हळहळतो. हे ज्ञान मात्र कोणाच्या लक्षातही न येता नाहीसे होते.

म्हणून विद्यार्थी मित्रांना माझी एकच विनंती आहे. इतिहास म्हणजे केवळ सनावळी नव्हे, हे या शाळेने आम्हांस शिकविले. सुट्टीत दूधगंगेच्या उगमाकडे जा. तेथील वनमजुरांशी बोला. जाळरेषा कोठून काढतात, कोणता झरा कधी आटला, कोणती राई कोणी राखली, हे त्यांच्या तोंडून ऐकून वहीत उतरवा. त्यांची नावेही लिहा. आपल्या शिवारात येणाऱ्या पाण्याचे देणे फेडण्यास येथूनच आरंभ होईल.